पाकळीवरच्या थेंबाचा फोटो इथपर्यंत आला कसा

पावसाळा सुरू झाला की पाकळीवरच्या थेंबांचे फोटो सगळीकडे दिसायला लागतात, पण असा फोटो सहज काढता यायला फोटोग्राफीला बराच काळ लागला, आणि माझ्या मते मोठी अडचण लेन्सची नव्हतीच, आपण नेमकं काय टिपतोय ते दिसण्याची होती.

जवळून टिपायची हौस जुनीच. अमेरिकेत व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ मध्ये मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला, पुढे पाच हजारांवर हिमकण टिपले, आणि दवाचेही फोटो काढले. मग बर्लिनचे कार्ल ब्लॉसफेल्ट, त्यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर फुलं-कोंब तीस पटीपर्यंत मोठे करून दाखवले, १९२८ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

पण हे सगळं टेबलावर मांडून, निवांत केलेलं काम. बागेत हातात कॅमेरा घेऊन काढायचं तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे ज्यातून डोळा लावून बघतो ती खिडकी, एकीकडे आणि लेन्स दुसरीकडे, दहा फुटांवर ते चालून जातं पण चार इंचांवर थेंब फ्रेमच्या बाहेरच. १९३६ मध्ये ड्रेस्डेनचा किने एक्झाक्टा आला, ३५ मिमी फिल्मचा एसएलआर, म्हणजे लेन्समधून जे दिसतं तेच डोळ्याला दिसणार. खरा टर्निंग पॉइंट हाच. १९५५ मध्ये किलफिट कंपनीची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, आली, पुढच्याच वर्षी निकॉनची, आणि निकॉनची तर जपानी कागदपत्रांची मायक्रोफिल्म, म्हणजे फिल्मवरची छोटी प्रत, करताना बारीक कांजी अक्षरं नीट यावीत म्हणून बनवलेली, फुलांचा विचारही नव्हता!

त्यानंतरही एक त्रास राहिलाच. थेंब फिल्मवर खऱ्या आकाराएवढा टिपायचा तर एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी बारीक करूनही, जेमतेम १ मिलिमीटर भाग शार्प येतो, थेंब शार्प आला तर पाकळी धूसर. डिजिटलमध्ये फोकस स्टॅकिंग आलं, वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एकच करायचं, आणि २०१५ मध्ये ऑलिंपस या कॅमेरा कंपनीने ते कॅमेऱ्यातच दिलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पाकळीचं विज्ञान. अळवावर पाणी ठरत नाही हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं, कमळाच्या पानाचं तसंच, त्यामागचं कारण जर्मनीतल्या बॉनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉटनी सूक्ष्म उंचवटे आणि मेण यांवरून दाखवलं, १९९७ चा त्यांचा पेपर फार गाजला. गुलाब मात्र उलटा, थेंब मोत्यासारखा गोल बसतो पण पाकळी उलटी केली तरी पडत नाही, हे २००८ मध्ये चिनी संशोधकांनी मांडलं. म्हणून गुलाबावर थेंब आरामात टिपता येतो. पाण्यात ग्लिसरीन घालून फवारतात तेही टिकतं, पण पहाटेच्या दवाची बारीक, एकसारखी दाटी त्याला येत नाही असं मला ठामपणे वाटतं.

२०२१ मध्ये आयफोन १३ प्रो २ सेंटीमीटरवरून फोकस करायला लागला आणि मॅक्रो खिशात आलं, फक्त इतक्या जवळून मोबाइलचीच सावली थेंबावर पडते, म्हणून उजेड बाजूने किंवा मागून घ्यायचा.