रोम कधी पडलं? ४१० की ४७६?

चर्चमध्ये रोमच्या पतनावर प्रवचन निघालं की एक ठरलेलं वाक्य येतंच: रोमी लोक पापात बुडाले, म्हणून देवाने त्यांचं साम्राज्य मोडलं. अशा वेळी मला विचारावंसं वाटतं, कुठलं पतन? इ.स. ४१० आणि इ.स. ४७६ या दोन घटना आपण सर्रास एकच धरून चालतो.

४१० साली पडलं ते शहर. २४ ऑगस्टला व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीचा राजा अलारिक सालारियन दरवाजातून आत शिरला आणि तीन दिवस लूट चालली. सम्राट होनोरियस तेव्हा रोममध्ये नव्हताच, दरबार उत्तर इटलीतल्या रावेन्ना शहरात होता. साम्राज्य पुढेही चालू राहिलं. याआधीच्या वेढ्यात, ४०८ मध्ये, अलारिकने खंडणी घेतली होती: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी आणि ३,००० पौंड मिरी. ही मिरी रोमला जायची ती थेट मलबारच्या किनाऱ्यावरून.

प्रवचनात हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे अलारिक स्वतः ख्रिस्ती होता, ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथाचा. प्रेषित पेत्र आणि पौल यांच्या बॅसिलिकांत, म्हणजे मोठ्या चर्चांत, आसरा घेतलेल्यांना त्याच्या सैन्याने सोडून दिलं. लुटणारे ख्रिस्ती आणि लुटले गेले त्यांतही ख्रिस्ती. मग शिक्षा कुणी कुणाला केली?

जुन्या देवांना मानणारे रोमी ख्रिस्ती लोकांना म्हणू लागले, तुम्ही आमची देवळं बंद केलीत, म्हणून देव कोपले. त्याला उत्तर म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी ४१३ च्या सुमारास ‘देवाचे नगर’ लिहायला घेतलं. बावीस खंड पुरे व्हायला ४२६ उजाडलं. ते म्हणतात, एकाच आगीत सोनं उजळतं आणि भुसा धुमसतो. संकट भल्या-बुऱ्या दोघांवर सारखंच येतं, त्यावरून कोण पापी हे ठरत नाही. लुटीत ज्या स्त्रियांवर बलात्कार झाले त्यांना ते पहिल्याच खंडात निर्दोष ठरवतात: मनाने संमती दिली नाही, तर त्यांचं पावित्र्य गेलेलं नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य आजही आपल्या किती घरांत मोठ्याने वाचायला हवं! यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, हा शुभवर्तमानातला प्रभू येशूचा प्रश्नही हाच आहे. ‘पाप केलं म्हणून रोम पडलं’ असं आपण म्हणतो तेव्हा ऑगस्टीनच्या विरोधकांचाच हिशेब मांडतो, फक्त देवाचं नाव बदलून.

४७६ चं चित्र अगदी वेगळं. त्या वर्षी ४ सप्टेंबरला रोमी फौजेतल्याच ओडोआकर या सेनापतीने रावेन्नात रोम्युलस ऑगस्टुलस या पश्चिम साम्राज्याच्या पोरगेल्या सम्राटाला गादीवरून उतरवलं. मुलाचा जीव घेतला नाही, तनखा बांधून दक्षिण इटलीतल्या कंपानियाला पाठवून दिलं. राजचिन्हं पूर्वेच्या रोमी साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला गेली, आणि ते साम्राज्य तर १४५३ पर्यंत टिकलं. रोमचं सिनेटही भरत राहिलं.

पश्चिमेचा शेवट खरा जाणवला तो सरहद्दीवर. डॅन्यूबकाठच्या नोरिकममध्ये, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियाच्या भागात, सैनिकांचे पगार थांबले. शेजारच्या बाटाविसच्या (आजच्या जर्मनीतल्या पासाउच्या) ठाण्यातले काही शिपाई शेवटचा पगार आणायला इटलीला निघाले आणि वाटेतच मारले गेले. त्यांची प्रेतं नदीतून वाहत आली. या सरहद्दीवर संत सेव्हेरिनस नावाचे संन्यासी राहत होते. सरकारचं कोठार रिकामं होत असताना त्यांनी लोकांना दशमांश द्यायला लावला, गरिबांसाठी धान्य-कपडे गोळा केले, कैदी सोडवून आणले. इटलीला निघालेला तरुण ओडोआकरही एकदा त्यांच्या खोपटात येऊन गेला होता, छप्पर डोक्याला लागू नये म्हणून वाकून उभा राहिलेला, अंगावर साधी कातडी. सेव्हेरिनस यांच्याकडेच एका ऐन हिवाळ्यात नोरिकमचा मॅक्सिमस नावाचा माणूस आला. त्याच्या सोबत्यांच्या पाठीवर कपड्यांची गाठोडी होती. कैद्यांसाठी आणि गरिबांसाठी वर्गणीतून जमलेले ते कपडे त्यांनी बर्फातून डोंगर ओलांडत वाहून आणले होते.