केकवरचा बर्फ, कपाशीचं बोंड आणि खान्देशातली थंडी

विंटर थीमचा बर्थडे केक घरी करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पांढरा रंग शोधायला लागतात, बेकरीच्या सामानाच्या दुकानात जाऊन व्हाइट फूड कलरची बाटली मागतात, आणि मला दर वेळी सांगावंसं वाटतं की अहो थांबा, तो लागतच नाही. कारण बर्फात पांढरा रंग नसतोच. आयसिंग शुगरमध्ये नसतो, फेटलेल्या क्रीममध्ये नसतो, आणि डिसेंबरात अमळनेर-चोपड्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची फुटलेली बोंडं दिसतात ना, त्या कापसातही नसतो. कापसाचा एकच धागा भिंगाखाली धरला तर तो जवळपास बिनरंगी, पारदर्शक दिसतो.

मग पांढरं दिसतं कशामुळे? खडीसाखरेचा एक खडा उजेडात धरा, बऱ्यापैकी आरपार दिसतं. तोच खडा मिक्सरमध्ये फिरवला की पांढरंशुभ्र पीठ. साखर तीच, वरून काही घातलं नाही, फक्त तुकडे झाले आणि तुकड्यांच्या मधे हवा शिरली. प्रकाश हवेतून साखरेत शिरताना थोडा वळतो, थोडा परत फिरतो, साखरेतून हवेत बाहेर पडताना पुन्हा तेच, आणि चिमूटभर पिठीसाखरेत अशा इतक्या सीमा असतात की प्रकाश आत भटकत भटकत शेवटी सगळ्या दिशांना विखरून बाहेर येतो. सगळे रंग सारखेच विखुरले जातात म्हणून डोळ्याला पांढरं दिसतं. खऱ्या बर्फाचं हेच. ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ साधारण 90 टक्के हवाच असतो आणि अंगावर पडलेला 80 ते 90 टक्के प्रकाश तो परत पाठवतो, पण फ्रीजमधला बर्फाचा खडा मात्र काचेसारखा, कारण त्याच्या आत तेवढी हवा नाही.

घरी करून बघायचं असेल तर बशीत थोडी पिठीसाखर घ्या आणि त्यावर तेलाचे दोन थेंब टाका. जिथे तेल पोचलं तिथला पांढरेपणा गेला, साखर मेणचट अर्धपारदर्शक झाली. साखर विरघळली नाही बरं का, साखर तेलात विरघळत नाही, पण दाण्यांमधली हवा गेली आणि तेलाचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साखरेच्या जवळचा असल्याने प्रकाशाला वळायचं फारसं कारण उरलं नाही. म्हणजे केकवरचा बर्फ पांढरा ठेवायचा तर आपलं खरं काम आहे हवा धरून ठेवायचं, आणि हवा धरून ठेवणं हे सगळं तापमानावर आणि हवेतल्या ओलाव्यावर चालतं. म्हणूनच मी म्हणते की हा केक करायला खान्देशातले डिसेंबर-जानेवारी हे महिने फार चांगले. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं, तेव्हा बटरक्रीमचं, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेल्या लेपाचं, काय होत असेल सांगायला नको. थंडीत मात्र धुळ्या-जळगावला रात्रीचं तापमान 10 च्या खाली उतरतं, तिकडे सातपुड्यात डाब, तोरणमाळ भागात दवबिंदू गोठतात, आणि दिवसभर हवा कोरडी. मुंबई-कोकणातल्या लोकांना हे नशीब नाही.

आधी खालचा केक उरकून घेऊ. आमच्याकडे बिनअंड्याचा लागतो, त्याला दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर आणि अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा, थोडा व्हॅनिला. दही इथे चवीला नाही, दह्यातलं लॅक्टिक आम्ल सोड्याशी भिडतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. सोडा जास्त पडला तर आम्ल संपून तो शिल्लक राहतो, आणि मग ती साबणासारखी चव आणि पिवळट रंग, जो आपल्याला पांढऱ्या केकमध्ये नकोच. बेकिंग पावडर म्हणजे तोच सोडा, पण आम्लाची कोरडी पूड आणि स्टार्च सोबत घेऊन आलेला. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाने ती 1843 मध्ये बनवली, बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून. मैदा घातल्यावर फार वेळ फेटत बसू नका, पाणी आणि घुसळणं मिळालं की मैद्यातली प्रथिनं जुळून ग्लुटेनची जाळी बनते, पोळीला ती हवी, केकला नको. आणि तेलच का, लोणी का नाही, तर क्रीमचा केक फ्रीजमध्ये राहणार, तिथे लोण्याचा केक कडक पडतो, तेल द्रवच राहतं म्हणून तेलाचा केक मऊ लागतो.

ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) असेल तर 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. नसेल तर जुना कुकर, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, आणि झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलेली. हे काढणं फार महत्त्वाचं. रिंग-शिट्टीसकट कुकर म्हणजे वाफेचं भांडं, आत जेमतेम 120 अंश आणि सगळीकडे ओलावा, तिथे केक उकडेल पण वरून लालसर होणार नाही, कारण तो रंग आणि खमंग वास ज्या क्रियेतून येतो ती मेलार्ड क्रिया कोरड्या पृष्ठभागावर साधारण 140 अंशांच्या पुढे जोर धरते. शिवाय आत पाणी न घालता तो बंद करून तापवणं धोक्याचं. मध्येच झाकण उघडून बघायचा मोहही आवरा, कारण स्टार्च घट्ट होऊन भिंती पक्क्या व्हायच्या आत थंड हवा लागली की फुगलेले बुडबुडे आकसतात आणि मधे खड्डा पडतो. विणायची सुई कोरडी निघाली की झालं.

आता क्रीम, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय. क्रीम म्हणजे पाण्यात तरंगणारे फॅटचे सूक्ष्म गोळे. थंड क्रीम फेटायला लागलं की हवेचे बुडबुडे आत जातात आणि हे गोळे बुडबुड्यांभोवती येऊन एकमेकांना अर्धवट चिकटतात. अर्धवट, हा सगळा खेळ त्या अर्धवटपणाचा आहे. गोळ्यातलं थोडं फॅट घन पाहिजे म्हणजे आकार टिकतो, थोडं मऊ पाहिजे म्हणजे चिकटतं. ऊन लागलं तर सगळं पातळ होऊन गोळे एकमेकांत मिसळतात आणि हवा निसटते. म्हणून क्रीम, भांडं, बीटरची पाती सगळं फ्रीजमधून गार करून घ्यायचं. फॅट 30 टक्क्यांच्या वर लागतं, टेट्रापॅकमधलं 25 टक्केवालं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी नीट उभं राहत नाही, यात तुमच्या हाताचा काही दोष नसतो. बेकरीवाले वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वनस्पती तेलातल्या फॅटचं असतं, गोठलेलं मिळतं, ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यायचं आणि आत थोडे बर्फाचे कण असतानाच फेटायला घ्यायचं, तिप्पट-चौपट फुगतं.

भाचीच्या केकला मी डेअरी क्रीम फेटत होते, आई बाजूला बसून वाटाणे सोलत होती. बीटरच्या रेघा क्रीममध्ये उमटायला लागल्या, मऊ शिखरं उभी राहिली, मी अजून चालूच ठेवलं होतं, तर आई आवाजावरून म्हणाली, "बस कर व माय आते, नही ते लोनी हुई जाई!" बरोबर होतं तिचं. आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर गोळे अर्धवट न चिकटता पुरते चिकटले असते, हवा आणि पाणी बाहेर, आणि हातात लोणी. ज्या घरात ताक घुसळलं जातं तिथे हे विज्ञान हातात मुरलेलं असतं, थंडीत लोणी लवकर येत नाही म्हणून बायका ताकात कोमट पाणी घालतात, उन्हाळ्यात गार पाणी घालतात, म्हणजे फॅट नेमकं त्या अर्धवट घन अवस्थेत आणतात. क्रीमवाल्याला लोण्याच्या अलीकडे थांबायचं असतं इतकंच.

बटरक्रीम करणार असाल तर एक अडचण येते, बाजारातलं बटर पिवळट असतं. गाईच्या दुधातला पिवळेपणा बीटा-कॅरोटीनचा, चाऱ्यातून आलेला. म्हैस त्या कॅरोटीनचं बहुतेक सगळं अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते म्हणून म्हशीचं लोणी पांढरं. तेव्हा घरचं म्हशीचं ताजं लोणी मिळत असेल तर बर्फाच्या केकला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त त्यातलं ताक चांगलं धुऊन काढा. बटर पिवळंच असेल तर टूथपिकच्या टोकावर जेवढा येईल तेवढाच जांभळा जेल कलर घालून खूप फेटा. जांभळा हा पिवळ्याच्या समोरचा रंग, दोघं एकमेकांना मारतात आणि नजरेला पांढरं दिसतं. धोतराला नीळ घालायची पद्धत त्याच तत्त्वावर.

निळ्या छटेसाठी आमच्या अंगणातल्या वेलीवरची गोकर्णीची फुलं घेतली. पाच-सहा चमचे कोमट दुधात फुलं चुरगाळून गाळली, दूध गार केलं आणि थेंब थेंब क्रीममध्ये. गोकर्णीतलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आम्लाच्या संगतीत जांभळं होतं, त्यामुळे दह्याच्या पिठात घालू नका, निळं मागाल आणि भलतंच मिळेल. क्रीम जवळपास उदासीन असतं, तिथे निळं राहतं. हा निळा सगळीकडे फासण्यापेक्षा फक्त खाचांमध्ये लावा असं माझं मत, कारण खऱ्या हिमनदीच्या भेगांत तसंच असतं, जाड बर्फ लाल प्रकाश किंचित जास्त शोषतो म्हणून खोल भाग निळा आणि वरचा भाग पांढरा.

आता सजावटीत मला ज्याचा सगळ्यात जास्त आग्रह आहे ते म्हणजे हिमकणाला हात सहाच. केकच्या दुकानात आठ हातांचे हिमकण इतके दिसतात की मुलांना तेच खरे वाटायला लागतात. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात आणि कण वाढताना सहा कोपरे पुढे येतात म्हणून सहा. योहानेस केप्लरने 1611 मध्येच हा प्रश्न विचारला होता, की हिमकण नेहमी सहा कोनीच का? त्याच्याकडे रेणूंची माहिती नव्हती तरी कण कसे रचले जातात याच्याशी उत्तराचा संबंध आहे हे त्याने ओळखलं. अमेरिकेत व्हरमाँटच्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने 1885 मध्ये कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमकणाचा फोटो काढला, आणि जपानमध्ये होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये सशाच्या केसावर प्रयोगशाळेत हिमकण वाढवून दाखवला. तापमान बदललं की आकार बदलतो, उणे 5 च्या आसपास सुया, उणे 15 च्या आसपास फांद्या फुटलेले तारे. आपल्याला केकवर हवे असतात ते हे उणे 15 वाले. बटर पेपरखाली सहा रेघांचा कागद ठेवून वरून रॉयल आयसिंगने (वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या लेपाने) गिरवा म्हणजे चुकत नाही.

रॉयल आयसिंगला आणि मेरिंगला (साखर घालून फेटलेल्या फेसाची वाळवलेली फुलं) अंड्याचा पांढरा भाग लागतो, पण छोल्यांचं उकळलेलं पाणी चालतं, अगदी छान चालतं. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी 2014 मध्ये हे पाणी फेटून फेस धरतो हे दाखवलं, त्यातली प्रथिनं आणि सॅपोनिनं (फेस आणणारी वनस्पतीतली द्रव्यं) बुडबुड्याच्या भिंती धरून ठेवतात. मीठ न घालता छोले शिजवा, पाणी अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटवा, गार करा, थोडं लिंबू पिळून फेटा, मग चमच्या-चमच्याने साखर. भांड्याला तुपाचा हात लागलेला नको, फॅट त्या भिंती तोडतं. फुलं पाडून 100 अंशांवर दीड-दोन तास वाळवायची. पावसाळ्यात ही मेरिंग डब्यात ठेवली तरी चिकट होतात कारण साखर ओलावा ओढते, पण आपल्याकडच्या जानेवारीत कुरकुरीत राहतात. काटेरी हलवा संक्रांतीलाच करतात आणि पावसाळ्यात कुणी करत नाही, तिथेही ही थंड कोरडी हवा कामाला येते. तिळावर पाक थोडा थोडा मुरवत हाताने फिरवत राहायचं, पाकातलं पाणी उडतं आणि साखर स्फटिक होऊन काटे धरते. तोच हलवा केकच्या कडेला लावला तर गोठलेल्या दवासारखा दिसतो, विकतच्या साखरमोत्यांपेक्षा कितीतरी सुंदर.

बर्फाच्या काचा हव्या असतील तर साखरेला स्फटिक होऊ द्यायचं नाही. साखर, थोडं पाणी आणि लिंबाचे थेंब घालून 150 अंशांपर्यंत उकळायचं आणि तूप लावलेल्या ताटात ओतायचं. लिंबाने थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटते, त्यामुळे रेणूंना रांगेत बसता येत नाही आणि पाक काच होऊन थिजतो. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांना त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा, हा पाक अंगावर पडला तर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं.

सगळं चढवून झाल्यावर वरून भुरभुरायची आयसिंग शुगर मात्र मेणबत्त्या लावायच्या जरा आधी भुरभुरा. क्रीमवर ती तासाभरात ओलावा पिऊन दिसेनाशी होते, तेलाच्या थेंबाने झालं तेच पाण्याने होतं. जास्त वेळ टिकवायची असेल तर फॅटचा पातळ लेप दिलेली न विरघळणारी साखर मिळते, नाहीतर सरळ बारीक खोबऱ्याचा कीस, तो भिजला तरी पांढरा राहतो. केक फ्रीजमधून काढल्यावर त्यावर दव धरतं, ते जाऊ द्या आणि मग साखर. आणि मेणबत्त्या मेरिंगच्या मधोमध न खोचता कडेला, काचांपासून लांब, नाहीतर फुंकर मारायच्या आधीच बर्फ वितळायला लागेल.