नैतिक जखम (सैनिकांची)

युद्धात हातून घडलेली, डोळ्यांदेखत घडू दिलेली किंवा वरिष्ठांनी विश्वासघाताने करायला लावलेली गोष्ट सैनिकाच्या सदसद्विवेकाला पटत नाही, तेव्हा मनात जे रुतून बसते त्याला नैतिक जखम म्हणतात. अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये आलेल्या आघातोत्तर तणाव विकाराच्या (पीटीएसडी) मुळाशी बहुधा जिवावरचा धोका असतो. नैतिक जखमेच्या मुळाशी लाज आणि अपराधभाव असतात. व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात ही संकल्पना मांडली. अनुभव मात्र फार जुना आहे: कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्यावर जिंकलेले राज्यही युधिष्ठिराला नकोसे होते, आणि शांतिपर्वाची सुरुवात त्याच शोकातून होते.

बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्री या लष्करी पायदळ रेजिमेंटचे केंद्र आहे. तिची पहिली पलटण १७६८ ची. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांना पलटण परकी नाही. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूट शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठा जवान १४७ दिवस अडकले, एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली आणि पुढे तुर्कांच्या कैदेत अनेक जण मेले. जे परतले त्यांच्या मनात काय उरले, हे पदकांच्या नोंदीत सापडत नाही. सुट्टीवर आलेल्या जवानाला पारावर हौसेने विचारले जाते, "किती जणांना उडवलंस?" तो उठून जातो. मग घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलंय.

जबाबदारीचा प्रश्न इथेच अवघड होतो. भारताचा लष्कर कायदा (१९५०) कायदेशीर हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा देतो. त्यात 'कायदेशीर' हा शब्द मोलाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यातून आलेल्या न्यूरेंबर्ग तत्त्वांनुसार वरून हुकूम होता एवढ्यानेच सुटका होत नाही, निवड करणे खरोखर शक्य असेल तर. म्हणून प्रत्येक अपराधभाव आजार मानून पुसून टाकणे चूक आहे. काही वेळा तो खरा निवाडा असतो. पण हुकूम देणारे आणि युद्ध ठरवणारे नामानिराळे राहून सगळे ओझे एकट्या जवानावर पडणे, हा उघड अन्याय आहे.

उपचारात मुख्य काम बोलण्याचे असते. सीमाभागात त्यालाही एक अडसर आहे: पलटणीत हिंदी, दवाखान्यात बहुधा कन्नड किंवा इंग्रजी. रात्री झोपेत ओरडताना जवान मराठीतच ओरडतो.