कानशीपासून कारखान्यापर्यंत: खिशातल्या रिव्हॉल्व्हरची पार्श्वभूमी

अमेरिकेत रोज जवळ बाळगायला छोटं रिव्हॉल्व्हर घेणारा माणूस ते फार दिवस आहे तसं ठेवत नाही. आधी मूठ बदलली जाते, मग नेम धरायच्या टोकावर ठळक रंग चढतो, मग चापाकडे लक्ष जातं. या हौसेला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात पुढाकार बहुतेक वेळा बाळगणाऱ्यांचा होता. त्यांनी कानस चालवली, कारखाने मागून आले.

खिशातल्या रिव्हॉल्व्हरची पहिली अडचण म्हणजे घोडा. चाप ओढला की मागे जाऊन काडतुसावर आदळणारा तो भाग. त्याला अंगठ्याने ओढण्यासाठी मागे एक टोक असतं, आणि घाईत हत्यार बाहेर काढताना तेच टोक खिशाच्या अस्तरात अडकतं. स्मिथ अँड वेसन या कंपनीने 1887 मध्ये यावर आपलं उत्तर आणलं. घोडा पूर्ण झाकलेला आणि मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी. मूठ घट्ट आवळून ती पट्टी आत दाबल्याशिवाय गोळी सुटत नसे. लोकांनी त्याला लेमन स्क्वीझर म्हणायला सुरुवात केली, कारण ते लिंबू पिळल्यासारखंच पिळावं लागे. पण ते मधोमध मोडून उघडणाऱ्या जुन्या घडणीचं होतं आणि त्याचं काडतूसही बेताच्या ताकदीचं होतं.

पुढची मोठी घडामोड कोल्ट कंपनीत झाली, आणि तिथे जॉन हेन्री फिट्झगेराल्ड या माणसापाशी थांबायलाच हवं. कँप पेरीच्या नेमबाजी स्पर्धांत कोल्टच्या दुरुस्तीच्या तंबूत बसून इतरांची हत्यारं नीट करून देणारा हा कारागीर. 1920 च्या दशकात त्याने मोठी रिव्हॉल्व्हरं घेऊन खिशाजोगी करायला सुरुवात केली. नळी दोन इंचांवर आणायची. घोड्याचं टोक कापून टाकायचं, पण वरच्या बाजूला बारीक चरे पाडायचे, म्हणजे चाप थोडा दाबून घोडा उचलला की अंगठ्याला पकड मिळे. मुठीचा खालचा कोपरा गोल करायचा, कारण कोटावर उठणारा फुगवटा तिथूनच येतो. इथपर्यंतचं सगळं पुढे टिकलं. त्याची सर्वात गाजलेली करामत मात्र टिकली नाही: चापाभोवतीच्या कडीचा पुढचा भाग तो कापूनच टाकी, म्हणजे हातमोजा घातलेलं किंवा जाडजूड बोट थेट चापावर पडावं. उघडा चाप खिशात कशानेही दाबला जाऊ शकतो, आणि कडी कापल्यावर सांगाडाही कमजोर होतो. फिट्झगेराल्ड निष्णात होता. त्याच्या हातात जे चाललं ते चारचौघांच्या खिशात चालण्यासारखं नव्हतं. आज त्या घडणीचे नमुने संग्राहकांकडे दिसतात आणि ते तिथेच शोभतात.

1927 मध्ये कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल बाजारात आलं. दोन इंची नळी, सहा काडतुसं आणि .38 स्पेशल, म्हणजे तेव्हाच्या पोलिसांच्या पूर्ण आकाराच्या रिव्हॉल्व्हरात चालणारं काडतूस. चापाची कडी मात्र शाबूत. साध्या वेशातल्या पोलिसांना जे हवं होतं ते कारखान्यातून तयार मिळू लागलं.

स्मिथ अँड वेसनची अडचण वेगळी होती. त्यांचा छोटा आय-फ्रेम हा सांगाडा 1896 साली .32 काडतुसासाठी बेतलेला. त्यातलं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, .38 स्पेशलच्या लांबीला पुरत नव्हतं. म्हणून सांगाडा जरासा वाढवून जे-फ्रेम तयार झाली. ऑक्टोबर 1950 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरलं. तिथे हे पाच काडतुसांचं रिव्हॉल्व्हर मांडलं गेलं आणि त्याचं नाव पडलं चीफ्स स्पेशल. कंपनीने 1957 पासून हत्यारांना क्रमांक दिले तेव्हा तेच मॉडेल 36 झालं. सहावं काडतूस सोडल्यामुळे सिलिंडरची जाडी घटली. कमरेला लावल्यावर रुततं ते सिलिंडरच, त्यामुळे हा सौदा फार जणांना पटला.

लगेच पुढच्या दोन-पाच वर्षांत भावंडं आली. 1952 हे कंपनीचं शंभरावं वर्ष, म्हणून झाकलेल्या घोड्याचं सेंटेनियल निघालं, त्यात 1887 ची मुठीची पट्टीही परत आली. 1955 च्या बॉडीगार्डमध्ये घोड्याच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या केल्या आणि अंगठ्यापुरतं बोंड तेवढं वर ठेवलं. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं एअरवेटही याच काळातलं. सुरुवातीला त्याचं सिलिंडरही ॲल्युमिनियमचं होतं; ते दाबाला पुरेसं ठरेना, म्हणून पोलादाचं करावं लागलं. 1965 मध्ये मॉडेल 60 आलं, स्टेनलेस पोलादाचं. घामाने गंजणारं हत्यार अंगाला चिकटून बाळगणाऱ्याला या बदलाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

हत्यार हलकं झालं तसा हाताला बसणारा धक्का वाढला, आणि हौशी माणसाचा मोर्चा मुठीकडे वळला. जुन्या चीफ्स स्पेशलच्या अक्रोडी लाकडाच्या मुठीकडे नीट पाहिलं तर दिसतं की चापाच्या कडीमागे एक पोकळी राहते. गोळी सुटली की मधलं बोट तिथे सरकतं आणि कडी थेट बोटाच्या हाडावर आपटते. ओक्लाहोमातल्या मेल्विन टायलरने त्या पोकळीत बसणारा धातूचा छोटा तुकडा विकायला काढला, टी-ग्रिप नावाने. मुठीची लांबी वाढत नाही, खिशात काही जाणवत नाही, पण बोटाला आधार मिळतो. मला सगळ्या फेरफारांत हा सर्वात शहाणपणाचा वाटतो, कारण तो काही कापत नाही आणि काढला की हत्यार होतं तसंच. मागाहून रबरी मुठी आल्या. त्या धक्का छान पचवतात, पण कापडाला धरून ठेवतात, म्हणून खिशात बाळगणारे बरेच जण पुन्हा गुळगुळीत लाकडाकडे वळतात.

चापाची गोष्ट जास्त नाजूक. कारखान्यातून आलेल्या जे-फ्रेमचा चाप ओढायला साधारण 12 पौंड जोर लागतो आणि हलक्या मॉडेलचं स्वतःचं वजन भरतं एक पौंडाच्या आसपास. वजनाच्या दहा-बारा पट जोर लावायचा आणि नेम हलू द्यायचा नाही, हे कठीणच. म्हणून सौम्य स्प्रिंगा बसवण्याची चाल पडली. पण स्प्रिंग फार सौम्य झाली तर घोड्याचा ठोका काडतुसाच्या बुडाला पेटवण्याइतका बसत नाही आणि हत्यार नुसतं टक् करून थांबतं. जाणता बंदूक-कारागीर आधी घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत करतो. स्प्रिंगेला हात लावलाच तर बेताने, आणि चांगली चाचणी घेऊन.

1980 आणि 90 च्या दशकांत अमेरिकी पोलीस सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे गेले तेव्हा छोट्या रिव्हॉल्व्हरचा काळ संपेल असं वाटत होतं. झालं उलटं. फ्लोरिडाने 1987 मध्ये अटी पूर्ण करणाऱ्याला लपवून बाळगण्याचा परवाना द्यायचाच असा कायदा केला, एकेक राज्य त्या वाटेने गेलं, आणि सामान्य नागरिक हाच मोठा गिऱ्हाईक झाला. रुगर या कंपनीने आधी भक्कम एसपी101 आणि 2009 मध्ये पॉलिमरचा वापर केलेलं एलसीआर आणलं. स्मिथ अँड वेसन स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचली. त्यांचं 340पीडी जेमतेम 12 औंसांचं, आणि त्यात .357 मॅग्नम हे फार ताकदीचं काडतूस चालतं. त्याच्या नळीवरच सूचना कोरलेली असते की 120 ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये. कारण हलक्या गोळीच्या मॅग्नम काडतुसांनी त्याचं टायटॅनियमचं सिलिंडर अकाली झिजू शकतं. हलकेपणाची हद्द अशी हत्यारावरच लिहून ठेवावी लागली.

साधारण त्याच सुमाराला स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांत किल्लीने लागणारं अंतर्गत कुलूप आलं. त्याचं छोटं छिद्र सांगाड्याच्या डाव्या बाजूला दिसतं. बाळगणाऱ्यांच्या मोठ्या गटाला ते कधीच रुचलं नाही; जुनी, बिनकुलपाची मॉडेलं शोधून घेणं हाही छंदाचा भाग होऊन बसला.

जानेवारी 2024 मध्ये स्मिथ अँड वेसन आणि लिप्सीज या वितरकाने मिळून अल्टिमेट कॅरी नावाची जे-फ्रेम रिव्हॉल्व्हरं जाहीर केली. घोडा झाकलेला, कुलूप नाही, अंधारात चमकणारं पुढचं टोक, नेम धरायची मागची खाच रुंद, चाप सुधारलेला, मूठ बारीक पण हाताला वर धरता येईल अशी. लोक वर्षानुवर्षं कारागिराकडून करून घेत होते ते सारं एका डब्यात. त्यातली दोन मॉडेलं .32 एच अँड आर मॅग्नमची आहेत, सहा काडतुसांची. हे काडतूस म्हणजे 1896 च्या त्या आय-फ्रेममधल्या .32 चंच लांबवलेलं रूप. धक्का कमी, म्हणून हलक्या हत्यारातून मनगट न दुखवता सराव करता येतो, आणि 1950 साली सोडलेलं सहावं काडतूसही सिलिंडरमध्ये परत आलं आहे.