कंपाउंड की खरं चॉकलेट? नाताळच्या कुकीज करण्याआधी

डिसेंबर लागला की क्रॉफर्ड मार्केटमधल्या बेकिंगच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. गर्दीत "डार्कचा स्लॅब द्या" एवढंच म्हटलं, तर हातात बहुतेक वेळा डार्क कंपाउंड पडतं. रंग तोच, वास साधारण तोच, आकारही तोच. मीही कितीतरी वर्षं त्यालाच चॉकलेट समजत होते.

दोन्हींत खरा फरक आहे तो स्निग्धांशाचा. चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांतलं कोको बटर असतं. कंपाउंडमध्ये ते जवळजवळ नसतंच. त्यात कोको पावडर आणि साखर असते, आणि कोको बटरच्या जागी वनस्पती तेल, बहुधा पाम कर्नेलचं. म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांत 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असं वरच्या ओळीत दिसलं, तर ते कंपाउंड. व्हाइट चॉकलेट घेतानाही हेच पाहायचं.

वाचूनही खात्री पटत नसेल तर दोन्हींचा नखाएवढा तुकडा आळीपाळीने जिभेवर ठेवा, चावू नका. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या जरासं खाली. चॉकलेट पसरतं, कडूसर चव देतं आणि घशाखाली उतरतं. कंपाउंडही वितळतं, पण सावकाश, आणि टाळूला मेणचट थर धरून बसतो. पाणी प्यायल्यावरही तो जीभ फिरवली की लागतो.

कुकीच्या पिठात घालायला मी आता खरं चॉकलेटच घेते. १०० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम पिठीसाखर फेसायची, १५० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ घालायचं, मग ५० ग्रॅम भाजलेले अक्रोड किंवा काजू आणि सुरीने जाडसर चिरलेलं ८० ग्रॅम चॉकलेट. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी लोणी ढिलं पडतं, म्हणून गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. मग वीसेक चपटे पेढे करून १७० अंशांवर, कडा बदामी होईपर्यंत, साधारण १४ मिनिटं. सुकामेवा आधी भाजायला विसरू नका, कच्चा अक्रोड कुकीत मऊच राहतो. गरम कुकी मोडली की चॉकलेटची जी ओली रेघ ओढली जाते, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

बुडवायच्या कुकीजची गोष्ट वेगळी. एका नाताळात मी खरं चॉकलेट नुसतं वितळवून बदामाच्या कुकीज अर्ध्या बुडवल्या. रात्री चकचकीत होत्या. सकाळी त्यांवर राखाडी पट्टे उठलेले, आणि बोट लावलं की ठसा. मला वाटलं, बुरशी आली. सगळा डबा टाकून दिला. ती बुरशी नव्हती, कोको बटर वर येऊन गोठलं होतं. खाल्लं असतं तरी काही बिघडलं नसतं, याची मला अजून हळहळ वाटते. चॉकलेट टणक आणि चमकदार गोठायला टेम्परिंग लागतं: डार्क असेल तर ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ वर आणायचं. दुपारी खोलीच ३० अंशांची असते, तिथे हे जमवायला थर्मामीटर आणि धीर दोन्ही हवेत. कंपाउंडला यातलं काही लागत नाही. डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवा, कुकीज बुडवा, पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, झालं.

दोन्ही वितळवताना पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका, लगेच घट्ट गोळा होतो. आणि "थोडं हे, थोडं ते" करून एकत्र तर मुळीच वितळवू नका. पाम कर्नेलच्या तेलाचं आणि कोको बटरचं जुळत नाही, मिश्रण मऊ राहतं आणि पुढे तेच राखाडी पट्टे.

त्यामुळे यंदा वसईच्या मैत्रिणीकडे विरार लोकलच्या गर्दीतून जाणाऱ्या डब्यात कंपाउंडमध्ये बुडवलेल्या कुकीज आहेत, बटर पेपरच्या घड्या घालून. घरच्या डब्यात अक्रोड-चॉकलेटच्या. त्यातल्या सहा आत्ताच संपल्या आहेत.