वीस मिलिसेकंदांचा पल्सार

परवा एका वाहिनीवर ‘अंतराळातून गूढ सिग्नल! एलियन बोलावतायत?’ ही पट्टी दिवसभर फिरत होती. मला माझा सिग्नल आठवला.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने पल्सारवर, म्हणजे घड्याळासारखे नेमके रेडिओ-ठोके देणाऱ्या ताऱ्यांवर काम केलं. दुर्बीण नारायणगावजवळच्या खोडदची, जीएमआरटी; ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. मी मात्र पुण्यात, लॅपटॉपसमोर. दहाव्या दिवशी डेटात दर ०.०२० सेकंदांनी येणारे ठोके दिसले. धावत सरांकडे गेले. त्यांनी आलेख न बघताच विचारलं, “डीएम किती?”

“शून्य.”

“मग तुझा तारा विजेच्या खांबावर आहे.”

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. संपलं.

डीएम ही गंमत मात्र सांगायलाच हवी. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याच्या एका ठोक्यातल्या सगळ्या रेडिओलहरी एकदमच निघतात, पण वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन भेटतात; फार नाहीत, शंभर घनसेंटिमीटरमध्ये सरासरी तीनेक. जास्त वारंवारतेची लहर इतकी भरभर डोलते की इलेक्ट्रॉनला हलायला वेळच मिळत नाही. ती स्कूटरवरून हात दाखवून निघून जाते. कमी वारंवारतेची लहर इलेक्ट्रॉनला चांगलं हलवते आणि त्यात अडकत जाते; प्रत्येक ओट्यावर “कुठं निघालात?” याला उत्तर देत चालणाऱ्या माणसासारखी. वारंवारता निम्मी झाली की उशीर चौपट. वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनांचा हिशेब म्हणजे डीएम, डिस्पर्शन मेजर.

बी०३२९+५४ या पल्सारचा डीएम २६.८ आहे. उशीर मिलिसेकंदांत हवा तर ४.१५ गुणिले डीएम, भागिले गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचा वर्ग. त्यामुळे ५०० मेगाहर्ट्झच्या मागून ३०० मेगाहर्ट्झची लहर ०.७९ सेकंदांनी पोचते, आणि ठोके तर दर ०.७१ सेकंदांनी! म्हणजे या ठोक्याची शेपटी येईपर्यंत पुढच्याचं डोकं येऊन गेलेलं. म्हणून वारंवारतांच्या पट्ट्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा मोजून मागे सरकवायचा.

खांबावरच्या ‘ताऱ्या’ला वाटेत कुणी भेटतच नाही, म्हणून त्याचा डीएम शून्य.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला १.३३७ सेकंदांचे ठोके सापडले, तेव्हा तिथेही हिरव्या माणसांचा, म्हणजे एलियनचाच, विनोद झाला होता. आकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तसाच आणखी एक स्रोत मिळाला आणि विनोद संपला. आपल्या वाहिन्यांवर तो अजून चालू आहे, राशिभविष्याच्या आधी.

उशीर काढून टाकल्यावर आलेखातली बी०३२९ची तिरकी रेघ शेवटी सरळ उभी राहिली. उरलेले तीन आठवडे मी फाइलींमधून ५० हर्ट्झ खोडत बसले.