वृद्धांसाठीचे अनुचित औषधलेखन व त्याला आळा : मराठवाड्याच्या संदर्भात

वृद्ध रुग्णाला दिलेल्या औषधापासून लाभापेक्षा अपायच अधिक संभवत असेल, त्याहून सुरक्षित पर्याय हाताशी असेल किंवा ते औषध देण्यामागचे कारणच उरले नसेल, तर अशा औषधलेखनाला अनुचित म्हणतात. प्रमाण जास्त असणे, पंधरा दिवसांची गोळी वर्षानुवर्षे चालू राहणे, एकच घटक दोन नावांनी पोटात जाणे आणि एकमेकांशी न पटणारी औषधे एकत्र येणे हेही त्यात मोडते. गरजेचे औषध न देणे ही त्याचीच दुसरी बाजू आहे. भारतीय कायद्यात साठ वर्षांवरील व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते; औषधांच्या वैद्यकीय याद्या मात्र बहुधा ६५ वर्षांपासून लागू होतात. रोज पाच किंवा अधिक औषधे चालू असली तर त्याला बहुऔषधोपचार म्हणतात, पण केवळ आकड्यावरून काही ठरत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही माणसाला सहा गोळ्या खरोखरच लागू शकतात, आणि ज्याला एकच गोळी चालू आहे त्याची तीच गोळी घातक असू शकते.

वयानुसार शरीर औषधाला वेगळी वागणूक देते. चाळिशीनंतर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता हळूहळू उतरत जाते. अंगातले पाणी घटते आणि चरबीचे प्रमाण वाढते, त्यामुळे डायझेपामसारखी चरबीत मुरणारी औषधे दिवसेंदिवस शरीरात रेंगाळतात. उभे राहताना रक्तदाब सावरण्याची यंत्रणा मंदावते आणि मेंदू गुंगीच्या औषधांना अधिक बळी पडतो. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी पाहिला जाणारा रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा इथे फसवा ठरतो. स्नायू झडलेल्या, चाळीस किलो वजनाच्या आजीबाईंचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो, पण वय आणि वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंड निम्म्यावर आलेले दिसते.

याद्यांचा इतिहास

अमेरिकेतील वृद्धवैद्यक मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी तयार केली. ‘बिअर्स निकष’ म्हणून ती ओळखली जाते. तिची अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथून २००८ मध्ये ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ हे जोडनिकष आले. पहिल्यात थांबवण्याजोगी, दुसऱ्यात सुरू करण्याजोगी औषधे. सुरुवातीला ६५ आणि २२ असलेले हे निकष २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत एकूण १९० झाले. गरज नसलेली औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्रमाने कमी करणे यासाठी मराठीत ‘औषध-उतरण’ असा शब्दप्रयोग करता येईल.

या याद्या आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. बिअर्स यादी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या औषधांवर बेतलेली आहे. निमेसुलाइड (वेदनाशामक), लेव्होसल्पिराइड (पित्ताच्या कॅप्सूलमधले), सिनारिझिन, फ्लुनारिझिन (चक्करेवरची) ही औषधे तिथे विक्रीतच नाहीत. आपल्या तालुक्याच्या गावी ती कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतात. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. आयर्लंडमध्ये वृद्ध माणूस एका ठरलेल्या डॉक्टरकडे जातो आणि त्याची सारी औषधे त्या डॉक्टरच्या संगणकावर असतात. मराठवाड्यात ही नोंद कुठे असेल तर ती रुग्णाच्या कॅरिबॅगमध्ये.

पिशवी कशी भरते

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठही जिल्ह्यांत चित्र बरेचसे सारखे आहे. गावातला डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचा एमडी, जिल्ह्याच्या ठिकाणचा हाडांचा किंवा हृदयाचा डॉक्टर, कधी संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, कधी अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय, मधेच एखादे शिबिर, आणि या सगळ्यांच्या फटींत मेडिकलवाला. प्रत्येकाने आपापल्या परीने योग्यच लिहिलेले असते. आधीचे काय चालू आहे हे मात्र विचारले जात नाही, आणि विचारले तरी ‘बीपीची लाल गोळी’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. आरोग्य केंद्रातून फुकट मिळालेली रक्तदाबाची ॲम्लोडिपिन आणि खाजगी चिठ्ठीवरची, वेगळ्या नावाच्या पाकिटातली ॲम्लोडिपिन एकाच सकाळी घेतली जाते. मुलगा पुण्याहून आला की येताना ‘ताकदीच्या’ गोळ्यांची बाटली आणतो ती वेगळीच.

चिठ्ठी लिहिणाऱ्याचे शिक्षणही एकसारखे नसते. ग्रामीण भागात आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने ॲलोपॅथीची औषधे देतात. राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मान्य केला. त्यावरून संघटनांमधले भांडण अजून मिटलेले नाही. वृद्धांच्या दृष्टीने हा वाद काहीसा गौण आहे. एमबीबीएसच्या चिठ्ठीवरही पित्ताची गोळी चार-चार वर्षे चालू राहिलेली दिसते.

गुडघेदुखीची गोळी

मराठवाड्यातील वृद्धांच्या अनुचित औषधांची सुरुवात बहुतेक वेळा गुडघ्यापासून होते. खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी यांत जन्म गेलेल्या बाईला साठीत गुडघे धरतात आणि काम तर थांबत नाही. आठवडी बाजाराला आल्यावर दवाखान्यात एक सुई आणि पाच दिवसांच्या गोळ्या, असा परिपाठ असतो. गोळ्यांत डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक असते आणि पुष्कळदा जोडीला स्टेरॉइडची बारीक गोळी. दोन दिवसांत गुण येतो, भूक लागते, चेहरा भरतो, आणि डॉक्टरच्या ‘हाताला गुण आहे’ अशी ख्याती पंचक्रोशीत पसरते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जठराला व्रण पडतो. नाव नसलेल्या पुड्यांमधून विकल्या जाणाऱ्या ‘हमखास’ औषधांतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ही पुडी एकदम बंद केली की माणूस गळून पडतो, रक्तदाब खाली येतो, आणि घरचे समजतात की पुडीशिवाय म्हातारीला जमत नाही.

वेदनाशामक गोळीचा सर्वांत मोठा धोका उन्हाळ्यात असतो. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखण्यासाठी शरीर जे दोन उपाय करते, त्यांपैकी एक वेदनाशामक बंद पाडते आणि दुसरा टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधे. लघवी वाढवणारे औषध सोबत असले तर अंगातले पाणीही जाते. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत मिळतात, म्हणजे हा तिहेरी फटका दोनच गोळ्यांत बसतो. पारा चाळीस अंशांच्या वर, गावात टँकर, वर जुलाब-उलट्या, आणि म्हातारा माणूस नेमाने सगळ्या गोळ्या घेतो आहे: एप्रिल-मे महिन्यांत मूत्रपिंड अचानक बंद पडण्याचा हा ठरलेला मार्ग आहे. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीला गेलेली मुले-सुना हंगामभर घरी नसतात. लघवी कमी झाली, माणूस सुस्तावला, हे बघायलाही कोणी नसते. उलट्या-जुलाब लागले की रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या, हे वृद्धाला आधीच सांगून आणि लिहून ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. आपल्याकडे तो फार थोडे डॉक्टर करतात.

औषधाच्या दुष्परिणामावर औषध

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, दुसऱ्यावर तिसरे. ॲम्लोडिपिनने पायांना सूज येते. ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाची समजून लघवीची गोळी दिली जाते. त्या गोळीने सोडियम उतरते, चक्कर येते. चक्करेसाठी सिनारिझिन सुरू होते. ते महिनोन्‌महिने चालले की हात कापू लागतात, चाल मंदावते, आणि मग कंपवाताचे औषध. ‘सोडियम कमी झालं होतं’ हे वाक्य आज लातूर-नांदेडच्या कोणत्याही घरात ऐकू येते. ते कशाने कमी झाले हे क्वचितच विचारले जाते.

पित्ताच्या गोळीतही अशीच एक मेख आहे. रिकाम्या पोटी घ्यायच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असते. त्यानेही कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात आणि औषध थांबवल्यावर ती बहुधा ओसरतात. कंप सुटलेल्या वृद्धाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याआधी त्याची पित्ताची कॅप्सूल वाचून पाहावी.

सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबते.

मधुमेहाच्या गोळ्या आणि उपवास

ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड ही स्वस्त व सर्वत्र मिळणारी औषधे जेवण झाले नाही तरी साखर उतरवत राहतात. वृद्धांसाठी ग्लिबेनक्लामाइड टाळावेच असे याद्या सांगतात. तुळजापूरच्या पट्ट्यात नवरात्राचे नऊ दिवस, एरवी एकादशी आणि श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे: उपवास निरंकार असला आणि गोळी चालूच राहिली तर साखर धोक्याच्या खाली जाते. वृद्धात नेहमीचा घाम आणि थरथर दिसेलच असे नाही. माणूस असंबद्ध बोलतो, एक हात लुळा पडल्यासारखा वाटतो, आणि ‘वारं गेलं’, म्हणजे अर्धांगवायू झाला, म्हणून धावपळ होते. मूत्रपिंड कमजोर असेल तर एकदा ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आलेला माणूस काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. उपवास सोडा म्हणून कोणी सोडत नाही. उपवासाच्या दिवसाची गोळी आधी ठरवून घेणे त्याहून सोपे आहे.

झोपेची गोळी

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि त्यांची भावंडे यांनी वृद्ध रात्री लघवीला उठताना पडतात, खुब्याचे हाड मोडते, विसराळूपणा वाढतो. भारतात अल्प्राझोलाम २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत आहे. चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई आहे आणि मेडिकलवाल्याने ग्राहकाची नोंद तीन वर्षे ठेवायची आहे. हा नियम कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षात तीन वर्षांपूर्वीची चुरगळलेली चिठ्ठी दाखवून पाकीट मिळते.

या गोळ्या सोडवण्याबाबत कॅनडातील २०१४ चा ‘एम्पॉवर’ अभ्यास उल्लेखनीय आहे. त्यात वृद्धांना गोळीचे धोके आणि ती हळूहळू कमी करण्याचे वेळापत्रक सांगणारी पुस्तिका थेट दिली गेली. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली होती. इतरांत हे प्रमाण ५ टक्के होते. मराठवाड्यात अशी पुस्तिका वाचणार नातू आणि ऐकणार आजोबा, हे लक्षात घेऊन ती लिहावी लागेल.

कमी करण्याच्या पद्धती

सर्वसाधारण दवाखान्यांत झालेल्या प्रयोगांपैकी आयर्लंडचा ‘ऑप्टी-स्क्रिप्ट’ (२०१५) महत्त्वाचा आहे. २१ दवाखाने आणि सत्तरी ओलांडलेले १९६ रुग्ण त्यात होते. फार्मासिस्टने डॉक्टरांना भेटून समजावणे, प्रत्येक अनुचित औषधाला पर्याय सुचवणारी संगणकीय मदत आणि रुग्णासाठी माहितीपत्रक, अशी त्याची रचना होती. शेवटी अनुचित औषधे उरलेल्यांचे प्रमाण ही मदत मिळालेल्या गटात ५२ टक्के, तर नेहमीचे उपचार चाललेल्या गटात ७७ टक्के होते. मुख्य फरक पित्ताच्या गोळ्यांच्या जादा मात्रेत पडला. झोपेच्या गोळ्या तितक्या सहज सुटल्या नाहीत.

आपल्याकडे सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट म्हणजे पिशवी टेबलावर रिकामी करायला लावणे: पुड्या, काढे, डोळ्यांचे थेंब, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारायचा, हे कशासाठी? उत्तर सापडत नाही ते आधी कमी करायचे, पण एका वेळी एकच. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड, अटेनोलॉलसारखी रक्तदाबाची औषधे, अपस्माराची औषधे एकाएकी तोडायची नसतात. ती आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या अंतराने उतरवतात. पित्ताची गोळी थांबवल्यावर काही दिवस जळजळ उसळते, हे आधीच सांगितले नाही तर रुग्ण दुसऱ्याच दिवशी परत चालू करतो. गुडघ्यांसाठी बेताच्या मात्रेत पॅरासिटामॉल, वरून लावायचे मलम आणि मांडीचे व्यायाम यांना वेळ द्यावा लागतो. रक्तदाब बसून आणि उभ्याने दोनदा मोजायचा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर गोळ्यांचा फेरविचार करायचा.

अडथळे वैद्यकीय कमी आणि माणसांतले अधिक आहेत. शहरातल्या मोठ्या डॉक्टरने लिहिलेली गोळी गावच्या डॉक्टरने बंद करावी, आणि उद्या काही झाले तर? त्यापेक्षा चालू ठेवणे सोपे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर गोळी बंद करणे म्हणजे डॉक्टरने आशा सोडली किंवा मुलांनी खर्च टाळला, असा अर्थ लागतो. सुई-गोळीविना परत पाठवणाऱ्या डॉक्टरला फी देताना हात आखडतो. पिशवी तपासायला वीस मिनिटे लागतात आणि त्या वीस मिनिटांचे पैसे कोणी देत नाही. ‘ही गोळी आता तुम्हाला लागत नाही, तब्येत सुधारली’ असे सांगितले तर बहुतेक जण खूशच होतात, हेही खरे.

सरकारी यंत्रणेत यासाठी जागा आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा बाह्यरुग्ण विभाग अपेक्षित आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना दरमहा भेटतातच. दुहेरी गोळी पकडण्याची सर्वांत चांगली संधी त्यांना आहे. सत्तरीवरील सर्वांसाठी २०२४ मध्ये आलेले आयुष्मान वय वंदना कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांचे आहे, रोजच्या गोळ्यांचे नाही. गोळ्यांमुळे मूत्रपिंड बिघडून भरती झालेल्या आजोबांचा खर्च त्यातून निघेल. ती भरती टाळणाऱ्या वीस मिनिटांचा निघणार नाही.

न दिलेली औषधे

पिशवी भरलेली असूनही त्यात हवे ते नसते. स्टेरॉइडवर वर्षे काढलेल्या बाईला हाडांसाठी काहीच दिलेले नसते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्याला रक्त पातळ करणारे औषध ‘वय झालं’ म्हणून टाळले जाते. ॲस्पिरिन आणि वेदनाशामक दोन्ही चालू असलेल्याला पित्ताची गोळी खरोखर लागते, आणि तिथे ती बंद करणे हेच अनुचित ठरते.

औषधांचा आढावा घेतल्याने अनुचित औषधे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे इस्पितळातील भरती किंवा मृत्यू घटतात का, याबाबत मात्र अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कोक्रेन आढाव्यालाही ठाम निष्कर्ष काढता आला नाही. हे अभ्यास प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत झालेले आहेत. कडक उन्हाळा, स्टेरॉइडच्या पुड्या आणि मोकळी औषधविक्री यांचा हिशेब त्यांत नाही.